परसातील बदक : जुन्नर-आंबेगावातील पाणी, भात आणि दिनक्रम

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना अवघ्या काही कोसांत पाण्याचे मान बदलते. नाणेघाट, आहुपे आणि भीमाशंकर या सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या भागात पावसाळ्यात पाऊस जवळजवळ खळत नाही आणि उतारावरच्या खाचरांत भात उभे असते. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर या मधल्या पट्ट्यात कालवे, विहिरी आणि शेततळी यांच्या बळावर ऊस, टोमॅटो, कांदा आणि द्राक्षे पिकतात. आणि बेल्ह्याच्या पुढे आणे पठाराकडे वळले की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख लागतो. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत, तरीही त्यांच्या पाणलोटातील कित्येक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. अशा प्रदेशात परसात बदके पाळावीत की नाही, पाळली तर किती आणि कोणत्या हंगामात, याचे उत्तर सगळ्या गावांसाठी एकच असू शकत नाही.

या दोन्ही तालुक्यांत कोंबडी घरोघर दिसते, बदक मात्र क्वचितच आढळते. याला बाजारपेठेची मर्यादा हे एक कारण असले, तरी बदकाविषयीचे दोन गैरसमजही तितकेच जबाबदार आहेत. तळे किंवा ओढा असल्याखेरीज बदक पाळता येत नाही, हा पहिला समज; आणि पाण्यात सोडून दिले की बदक आपले पोट आपण भरते, त्याला वेगळे काही करावे लागत नाही, हा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. बदकाला तळ्यापेक्षा स्वच्छ पाण्याचे खोलगट भांडे, कोरडी झोपण्याची जागा आणि ठरलेल्या वेळी उघडणारे व मिटणारे दार यांची गरज अधिक असते, आणि ज्या घराच्या दिनक्रमात या तीन गोष्टी बसतात, त्या घरातच हा पक्षी टिकतो.

जाती आणि त्यांचे स्वभाव

जगभरातील बहुतेक पाळीव बदके उत्तर गोलार्धात आढळणाऱ्या मॅलार्ड या रानबदकापासून माणसाळवली गेली आहेत. मूळची दक्षिण अमेरिकेतील मस्कोव्ही ही तेवढी वेगळ्या प्रजातीची. भारतात बदकपालनाची जुनी परंपरा मुख्यतः भातशेतीच्या आणि पाणथळ प्रदेशांत आहे. पश्चिम बंगाल, आसाम आणि केरळ ही त्यातली ठळक नावे असून आसामची पाती, बिहारची मैथिली, केरळच्या कुट्टनाडमधील चारा व चेंबल्ली या देशी जाती त्या त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. महाराष्ट्रात पूर्व विदर्भातील तळी आणि भातशेती यांचा प्रदेश बदकांना सर्वाधिक अनुकूल आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे पशुसंवर्धन विभागाचे बदक पैदास केंद्रही आहे. पश्चिम घाटमाथ्यालगतच्या भातपट्ट्यात मात्र, हवामान आणि पीक बरेचसे अनुकूल असूनही, ही परंपरा रुजलेली नाही.

अंड्यांसाठी पाळायच्या जातींमध्ये खाकी कॅम्पबेल ही जात सर्वांत प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनी इंडियन रनर, रुआँ आणि मॅलार्ड यांच्या संकरातून ती तयार केली. उत्तम व्यवस्थापनात ही मादी वर्षाला २५० ते ३०० अंडी देऊ शकते आणि साधारण साडेचार ते पाच महिन्यांच्या वयात अंड्यावर येते. परसातील मोकळ्या संगोपनात हा आकडा पुष्कळ खाली येतो, हे मात्र आधीच लक्षात घेतले पाहिजे. मांसासाठी पांढरे पेकिन हे चिनी मूळ असलेले बदक पाळतात, जे चांगल्या खाद्यावर सहा-सात आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते. मस्कोव्ही अंडी कमी देते, पण स्वतः अंड्यांवर नीट बसते, पिल्ले सांभाळते आणि फारसा आवाज करत नाही. खाकी कॅम्पबेलमध्ये अंड्यांवर बसण्याची वृत्ती जवळजवळ उरलेली नाही; म्हणून घरीच पिल्ले काढायची असतील, तर खुडूक झालेल्या, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसलेल्या गावठी कोंबडीखाली बदकाची आठ-दहा अंडी ठेवतात. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत आणि मस्कोव्हीची सुमारे ३५ दिवसांत, त्यामुळे एवढा काळ खुडूक कोंबडीला जागेवरच दाणापाणी मिळेल याची काळजी घ्यावी लागते.

नर-मादी ओळखणे वयात आल्यावर सोपे असते. मादीचा आवाज मोठा आणि कर्कश, तर नराचा घोगरा आणि दबका. शिवाय मॅलार्डपासून आलेल्या जातींच्या नराच्या शेपटीवर वर वळलेली काही कुरळी पिसे असतात. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. नर जास्त झाले की ते माद्यांना सतत त्रास देतात, त्यांच्या मानेवरची पिसे उपटतात आणि अंडी घटतात. केवळ खाण्यासाठी अंडी हवी असतील, तर नर नसला तरी चालते, कारण अंडे घालण्यासाठी मादीला नराची गरज नसते.

पाणी किती आणि कसे

बदकाला पोहायला मिळाले तर ते खुशीत असते, परंतु पोहणे ही त्याची जगण्याची अट नाही. अट आहे ती चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडवता येतील एवढ्या खोल पाण्याची. कोंबडीच्या उथळ भांड्यातून बदकाने पाणी प्यायले, तर त्याच्या नाकपुड्यांत खाद्याचा लगदा साचतो आणि डोळे चिकटू लागतात. पाच-सहा इंच खोल पाण्याचे पसरट घमेले किंवा जमिनीत पुरलेली अर्धी कापलेली टाकी परसातील पाच-सहा बदकांना पुरते. मोठ्या कळपासाठी निवाऱ्याच्या बाजूने सुमारे ५० सेंटिमीटर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल अशी सिमेंटची चर बांधण्याची शिफारस केली जाते. खाद्य आणि पाणी एकमेकांपासून फार दूर ठेवू नये, कारण बदक एक घास खाते आणि लगेच पाण्याकडे धावते. कोरडे पीठ त्याच्या घशात अडकते, म्हणून भरडा नेहमी ओलसर करून द्यावा.

हे पाणी तासाभरात गढूळ होते आणि रोज बदलावे लागते, ही बदकपालनातली सर्वांत कष्टाची बाब आहे. ज्या वाडीवर उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणावे लागते, तिथे या कष्टाचा भार बहुधा घरातील स्त्रीवरच पडतो, म्हणून कळपाचा आकार ठरवताना जुलैच्या नव्हे तर मे महिन्याच्या पाण्याचा हिशेब धरणे न्यायाचे ठरते. उलट पाहिले तर टाकून द्यायचे हे पाणी बदकाच्या विष्ठेमुळे खतयुक्त असते आणि परसातील केळी, अळू, भोपळा, शेवगा यांच्या बुडाशी ओतले तर त्याचा थेंबही वाया जात नाही. साचू मात्र देऊ नये. घराभोवती चिखल झाला की डास वाढतात, आणि बदकांच्या पायांच्या तळव्यांना जखमा होऊन सूज येते.

पिल्लांचे पहिले तीन आठवडे

पाण्यातला पक्षी म्हणून पिल्ले आणल्या आणल्या पाण्यात सोडणे ही सर्वांत घातक चूक आहे. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी एक तैलग्रंथी असते, तिच्यातील तेल ते चोचीने पिसांवर पसरवते आणि त्यामुळे पाणी आत शिरत नाही. यंत्रात उबवलेल्या किंवा कोंबडीखाली निघालेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, आईच्या पिसांवरून मिळणारे तेल त्याला मिळत नाही, आणि असे पिल्लू भिजले की थंडीने गारठून मरते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना पिण्यापुरतेच पाणी द्यावे आणि ते त्यात उतरू शकणार नाहीत अशी भांड्याची रचना करावी.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेचे तापमान सुमारे ३० ते ३२ अंश सेल्सिअस ठेवावे आणि पुढे दर आठवड्याला ते तीनेक अंशांनी कमी करत चौथ्या आठवड्यापर्यंत २४ अंशांवर आणावे. तापमापक नसला तरी पिल्लांची वागणूकच पुरेसे सांगते : ती दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर ऊब कमी आहे, आणि दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडून धापा टाकू लागली तर ऊब जास्त आहे. पश्चिम भागात पावसाळ्यात वीज वारंवार जाते, त्यामुळे विजेच्या दिव्यावर पूर्ण भिस्त न ठेवता राखेने झाकलेल्या निखाऱ्यांची शेगडी जवळ असू द्यावी. मात्र तिचा धूर कोंडणार नाही आणि पिल्ले तिला स्पर्श करू शकणार नाहीत, अशी आडोशाची व्यवस्था हवी. जमिनीवर भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर अंथरावा आणि ओला झालेला भाग रोज काढून टाकावा.

पिल्ले कोणत्या महिन्यात आणावीत हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणलेल्या पिल्लांना कृत्रिम उबेची गरज कमी भासते आणि ती जुलै-ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे गोगलगायी, गांडुळे आणि कोवळे गवत मुबलक असताना अंड्यावर येतात. परंतु त्यांच्या वाढीचा काळ नेमका पाणीटंचाईत जातो. जुलैमध्ये आणलेल्या पिल्लांना पाणी भरपूर, पण सततच्या ओलीमुळे मर जास्त. त्यामुळे कालव्याच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्च आणि घाटमाथ्यालगत जूनचा पहिला पंधरवडा, असा सर्वसाधारण विचार करता येतो.

खाद्य आणि त्यातला धोका

अंड्यावरच्या बदकाला पूर्णपणे बांधून, घरचे खाद्य देऊन पाळले, तर दिवसाला सुमारे १२० ग्रॅम किंवा त्याहून अधिक खाद्य लागते. मोकळे चरणारे बदक गोगलगायी, बेडकांची पिल्ले, किडे, अळ्या, शेवाळ आणि सांडलेले दाणे यांवर आपली बरीच गरज भागवते, आणि त्याला संध्याकाळी पन्नास-साठ ग्रॅम पूरक खाद्य दिले तरी निभावते. तांदळाची कणी, कोंडा, मक्याचा भरडा, सुकटीचा चुरा, भाजीचा टाकाऊ पाला आणि अंड्यांच्या टरफलासाठी लागणारे चुन्याचे प्रमाण राखायला शिंपल्यांचा चुरा, असे हे मिश्रण घरच्या घरी जमते. कोंबडीच्या पिल्लांसाठीचे बाजारी खाद्य बदकाच्या पिल्लांना चालते, परंतु नायसिन या ब गटातील जीवनसत्त्वाची बदकाच्या पिल्लांची गरज कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरीच जास्त असल्याने पाय वाकडे होणे, पिल्लू बसून राहणे अशी लक्षणे दिसू लागतात. खाद्यात थोडे यीस्ट मिसळल्याने ही उणीव भरून निघते.

याहून गंभीर धोका बुरशीचा आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी आणि त्यांच्याबरोबर बदकांची पिल्लेही अज्ञात रोगाने मेली, आणि त्याचा शोध घेताना दूषित शेंगदाणा पेंडीतील एका बुरशीजन्य विषाचा, अफ्लाटॉक्सिनचा, उलगडा झाला. हे विष ओलसर साठवलेल्या मक्यात आणि शेंगदाणा पेंडीत तयार होते, यकृताचा नाश करते, आणि पाळीव पक्ष्यांमध्ये बदक त्याला सर्वाधिक बळी पडते. आहुपे किंवा घाटघरसारख्या गावांत जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पोत्यातला मका आठ दिवसांत बुरसटतो. कोंबड्यांना फारसा अपाय न करणारे असे धान्य बदकांना मात्र मारक ठरू शकते. म्हणून पावसाळ्यात शेंगदाणा पेंड टाळावी, मका थोडाच आणावा, आणि कुबट वास येणारे खाद्य धुऊन-वाळवून वापरण्याऐवजी सरळ टाकून द्यावे, कारण धुतल्याने किंवा शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही.

भातखाचरात बदक

भात आणि बदक यांची सांगड आशियात फार जुनी आहे. आधुनिक काळात जपानमधील फुकुओका प्रांतातील शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून तिला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप दिले आणि ती अनेक देशांत पोहोचली. लावणीनंतर एक-दोन आठवड्यांनी रोपे रुजली की लहान बदके खाचरात सोडायची, ती तण आणि किडी खातात, पायांनी पाणी ढवळत राहतात आणि गढूळ पाण्यात तणाच्या बियांना उजेड मिळत नाही, विष्ठेचे खत जागेवरच पडते. लोंब्या बाहेर पडू लागल्या की मात्र बदके काढून घ्यायची, कारण त्यानंतर ती दाणे खातात. फुरुनो यांच्या पद्धतीत दहा आर क्षेत्राला १५ ते २० बदके सोडतात. एक गुंठा जवळजवळ एक आर एवढा असल्याने हे प्रमाण गुंठ्याला दीड ते दोन बदके असे होते. म्हणजे परसातील दहा बदकांचा कळप पाच ते सहा गुंठ्यांच्या खाचराला पुरेसा आहे.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागात खाचरे लहान आणि उतारावर पायऱ्यांनी उतरत जाणारी आहेत. महादेव कोळी समाजात डोंगरउतार एकमेकांच्या श्रमाने सपाट करून खाचर तयार करण्याची पडकई नावाची पद्धत आहे. डिंभे धरणाच्या बुडित क्षेत्रात मूळ आंबेगाव गाव गेल्यानंतर विस्थापित झालेल्या आदिवासी कुटुंबांसह भातशेती आणि जलाशयातील मासेमारी यांवर काम करणाऱ्या शाश्वत या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. भात, मासे आणि सामूहिक श्रम यांची सांगड या भागात आधीपासून घातली गेली आहे, आणि बदक त्याच रचनेत सामावू शकते. एकाच शेतकऱ्याचे खाचर लहान असले तरी सलग खाचरांचे चार-पाच मालक एकत्र आले, तर एक कळप पाळीपाळीने सगळ्यांच्या खाचरांत फिरवता येतो आणि राखणीचे कामही वाटले जाते.

अडचणीही येथे स्पष्ट आहेत. खाचरांतून पाणी सतत वाहते ठेवावे लागत असल्याने लहान पिल्ले मोठ्या पावसात खालच्या खाचरांत वाहून जातात, म्हणून बांधांच्या सांडव्यांवर जाळी लावणे आवश्यक असते. खाचरातील खेकडे आणि मासळी हा आदिवासी कुटुंबांच्या पावसाळी आहाराचा भाग आहे, आणि बदकेही लहान खेकडे व मासे खातात, याचा विचार करूनच कोणत्या खाचरात बदके सोडायची ते ठरवावे. कापणीनंतर मात्र असा कोणताच तंटा उरत नाही. खाचरात गळून पडलेले दाणे आणि उरलेली ओल यांवर कळप काही आठवडे जवळजवळ फुकट पोसला जातो.

बागायती पट्ट्यातील शेततळे आणि फवारणी

राज्य शासनाने २०१६ साली सुरू केलेल्या मागेल त्याला शेततळे या योजनेनंतर प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी ठिकठिकाणी दिसू लागली, आणि तिथे बदके सोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह आवरलाच पाहिजे. निसरड्या अस्तरावरून बदकांना बाहेर पडता येत नाही आणि ती थकून बुडतात; नखांनी अस्तर खराब होते; विष्ठेमुळे पाण्यात शेवाळ वाढते आणि तेच पाणी ठिबक सिंचनाला जात असल्याने नळ्यांची छिद्रे बुजतात. शेततळ्यातले पाणी बादलीने काढून बदकांच्या टाकीत ओतणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

टोमॅटो, द्राक्षे आणि भाजीपाला यांवर कीटकनाशकांची फवारणी वारंवार होते. फवारलेल्या वाफ्यात बदकांना सोडणे म्हणजे त्यांना विषबाधेच्या तोंडी देणे होय, आणि अशा पक्ष्याची अंडी माणसाच्या आहारातही येता कामा नयेत. शंखी गोगलगायींच्या बंदोबस्तासाठी टाकल्या जाणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बदकांसाठी विशेष घातक असतात, कारण बदक त्या गोळ्याही खाते आणि गोळी खाल्लेली गोगलगायही. ज्या बांधावर बदके गोगलगायी वेचत असतील, तिथे या गोळ्या टाकू नयेत.

रात्रीचे दार आणि बिबट्या

बदकांचा निवारा साधा असतो : जमिनीपासून थोडा उंच, दर पक्ष्याला तीन-चार चौरस फूट जागा, कोरडी गादी, हवेशीर पण बारीक जाळीने बंद भिंती. कोंबडीसारखे बदक उंचावर चढून बसत नाही, जमिनीवरच झोपते, म्हणून मुंगूस, रानमांजर, कोल्हा आणि भटके कुत्रे यांना ते सहज सापडते. दिवसा पिल्लांवर घारी आणि कावळे टपलेले असतात.

जुन्नर वनविभागात, ज्यात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात, या सगळ्याला बिबट्याची जोड मिळते. धरणांच्या पाण्याने वाढलेला ऊस बिबट्याला वर्षातील बराच काळ आडोसा देतो, आणि गावाभोवतीची कुत्री, शेळ्या व कोंबड्या त्याचे भक्ष्य होतात. माणसांवरील हल्ल्यांमुळे हा भाग २००१ नंतरच्या काही वर्षांत देशभर चर्चेत आला, आणि माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवले जाते. बदक पाळणाऱ्या घराने यातून काही नियम कटाक्षाने पाळले पाहिजेत. कळप सूर्यास्ताच्या पुरेसा आधी आत घ्यावा. संध्याकाळी ठरावीक वेळी, ठरावीक हाकेसरशी खाद्य दिले की बदके आपण होऊन परततात. उसाच्या कडेने किंवा चारीत रेंगाळणारे बदक शोधायला अंधार पडताना मुलांना मुळीच पाठवू नये. एक पक्षी गेला तरी चालेल. निवारा घराच्या भिंतीला लागून, दिव्याच्या उजेडात असावा. मेलेला पक्षी किंवा कापलेल्या पक्ष्याचे अवशेष घराजवळ टाकू नयेत, खोल पुरावेत. रात्री बदकांनी कलकलाट केला, तर एकट्याने दार उघडून बाहेर पडू नये.

सकाळी दार उघडण्याचीही वेळ आहे. बदकांची बहुतेक सगळी अंडी पहाटे आणि सकाळी नऊच्या आत घातली जातात. त्याआधी कळप सोडला तर अंडी ओढ्यात, गवतात आणि चिखलात हरवतात. शेतावर सकाळी लवकर जाणाऱ्या कुटुंबात म्हणूनच घरी राहणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडे दार उघडण्याचे काम सोपवावे लागते.

रोग, लस आणि सावधगिरी

बदके कोंबड्यांच्या काही रोगांना दाद देत नाहीत, परंतु त्यांचे स्वतःचे रोग आहेत. डक प्लेग हा विषाणूजन्य रोग मोठ्या बदकांना झपाट्याने मारतो. पाश्चुरेला जिवाणूमुळे होणारा डक कॉलरा दुसरा. आणि तीन-चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना होणारा विषाणूजन्य यकृतदाह तिसरा. डक कॉलराची लस तीन-चार आठवड्यांच्या आणि डक प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात. लसीची कुपी अनेक मात्रांची असल्याने एका घराला ती परवडत नाही. गावातील पाच-सहा घरांनी किंवा बचत गटाने एकत्र येऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात मागणी नोंदवणे हाच व्यवहार्य उपाय आहे. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यांत कुजलेल्या पदार्थांतून बोट्युलिझमची विषबाधा होते, मान लुळी पडते आणि पक्षी दगावतो. म्हणून अशी डबकी कुंपणाने बंद करावीत.

बर्ड फ्लूच्या बाबतीत बदकाचे स्थान वेगळे आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या दगावल्या. बदकाच्या शरीरात हा विषाणू काही वेळा कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो आणि विष्ठेवाटे पाण्यात उतरतो. हिवाळ्यात दख्खनच्या जलाशयांवर स्थलांतरित रानबदके येतात, म्हणून पाळीव कळप धरणाच्या पाण्यात सोडू नये आणि बदके व कोंबड्या शक्यतो वेगवेगळ्या खुराड्यांत ठेवाव्यात. अचानक अनेक पक्षी मेले तर ते विकू, खाऊ किंवा ओढ्यात टाकू नयेत. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. रानबदके पकडणे किंवा त्यांची अंडी गोळा करणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

घराचा हिशेब

बदकाचे अंडे साधारण ६५ ते ७० ग्रॅमचे, जाड कवचाचे आणि मोठ्या बलकाचे असते. त्यात वजनाच्या मानाने कोंबडीच्या अंड्याएवढीच प्रथिने, परंतु स्निग्धांश आणि उष्मांक जास्त असतात. चिखलात घातलेल्या अंड्यावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून ते बलक घट्ट होईपर्यंत उकडून किंवा पूर्ण शिजवूनच खावे. पाच माद्यांनी वर्षाला प्रत्येकी १५० अंडी दिली असे धरले, तर ती ७५० होतात; राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या माणशी वर्षाला १८० अंड्यांच्या हिशेबाने चार माणसांच्या कुटुंबाची गरज त्यातून भागते. त्यासाठी पाच माद्या आणि एक नर यांना रोज ६० ग्रॅम प्रमाणे वर्षाला सुमारे १३० किलो पूरक खाद्य लागेल, आणि भाताच्या घरात त्यातला मोठा भाग कणी-कोंड्याच्या रूपाने आधीच उपलब्ध असतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील सुमारे ८५ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसात पाळलेले आढळले. ग्रामीण पोषणात परसाचे स्थान किती मोठे आहे, हे यावरून कळते.

विक्रीचा हिशेब मात्र जपून करावा. जुन्नर, मंचर किंवा घोडेगावच्या आठवडे बाजारात बदकाच्या अंड्याला गावठी कोंबडीच्या अंड्यासारखा ठरलेला गिऱ्हाईक नाही, आणि पुण्या-मुंबईतील बंगाली, मल्याळी किंवा ईशान्येकडील ग्राहकांपर्यंत पोहोचण्यासाठी नियमित पुरवठा लागतो, जो एका परसातून होऊ शकत नाही. शिवाय पश्चिम भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर मजुरीसाठी पूर्वेकडील बागायती गावांत येतात. तेव्हा घरी राहणाऱ्या आजी-आजोबांना सांभाळता येईल एवढाच कळप ठेवणे शहाणपणाचे असते. नारायणगाव येथील ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र, तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने आणि घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय यांच्याकडे गटाने जाऊन जात, लस आणि प्रशिक्षण यांची चौकशी केल्यास सुरुवातीच्या पुष्कळ चुका टळतात.

म्हणून या दोन तालुक्यांत बदकपालनाकडे झटपट नफ्याचा धंदा म्हणून पाहू नये. भातपट्ट्यात ते शेतीची जोड आहे आणि बागायती पट्ट्यात घरच्या आहाराची. सुरुवात करणाऱ्याने आधी निवारा बांधावा, मग मे महिन्यातही पुरेल असे पाणी ठरवावे, त्यानंतर लसीची सोय करावी, आणि सर्वांत शेवटी पाच माद्या व एक नर आणावा. हा छोटा कळप एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा, नीट सांभाळला गेला, तरच तो वाढवावा.